हा टी-३४ नेमका कुठला? जुन्या फोटोवरून रणगाडा ओळखताना

९ मे २०२३ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात विजयदिनाचं संचलन झालं, तेव्हा त्यात रणगाडा एकच होता: दुसऱ्या महायुद्धाची आठवण म्हणून आणलेला सोव्हिएत टी-३४-८५. पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत लाओसने आपल्या सैन्याकडचे असे ३० रणगाडे रशियाला दिले, त्याचीही बातमी झाली. अशा बातम्यांसोबत बहुधा दोन फोटो येतात, एक आजचा रंगीत आणि एक युद्धकाळातला कृष्णधवल. नाव दोन्हींखाली टी-३४ हेच. जरा निरखून पाहिलं की लक्षात येतं, चाकं वेगळी आहेत, तोफ वेगळी आहे, वरचं डोकंही वेगळं आहे.

वाचणारा पान उलटून पुढे जातो. स्केल मॉडेल, म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती, करणाऱ्याला मात्र तसं करता येत नाही. समोर किटचा डबा उघडा असतो, त्यात तीन तऱ्हेची चाकं आणि चाकांभोवती फिरणारे दोन तऱ्हेचे पट्टे असतात, आणि यातलं कुठलं कुठल्यासोबत जातं हे ठरवल्याशिवाय गोंदाची बाटली उघडता येत नाही. त्याचं उत्तर फोटोत असतं, पण फोटो वाचायला शिकावं लागतं.

नाव एक, कारखाने अनेक

दोन शब्द आधी पक्के करू. रणगाड्याचा वरचा फिरणारा भाग, ज्यात तोफ बसवलेली असते, तो टरेट. खालचा, चाकांवर उभा असलेला चिलखती भाग, त्याला इथे धड म्हणू.

आता एसटीची लाल बस डोळ्यांसमोर आणा. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन ठिकाणी आहेत: पुण्याजवळ दापोडीला, संभाजीनगरला चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला. आराखडा एक, रंग एक, तरी हातांचे तीन संच. रोज स्टँडवर उभं राहून बस न्याहाळणाऱ्याला पत्र्याच्या जोडणीतले बारीक फरक दिसू लागतात. टी-३४ चं तसंच आहे, फक्त तिथे फरक पडायला युद्धासारखं भयंकर कारण होतं.

मिखाईल कोश्किन यांच्या हाताखाली हा रणगाडा खारकीव्हच्या १८३ क्रमांकाच्या कारखान्यात आकाराला आला आणि १९४० मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. चिलखताच्या पाट्या आणि ओतीव टरेट मारियुपोलहून येत. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला आणि ऑक्टोबरपर्यंत मारियुपोल आणि खारकीव्ह दोन्ही हातचे गेले. तोवर खारकीव्हची यंत्रं आणि माणसं रेल्वेने उरल पर्वतापलीकडच्या निझनी तागिलला हलवली जात होती. डिसेंबर १९४१ मध्ये तिथून पहिले रणगाडे बाहेर पडले. व्होल्गाकाठचा स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना सप्टेंबर १९४२ पर्यंत, म्हणजे लढाई दारात येईपर्यंत, रणगाडे बनवत होता. गोर्की शहरात ११२ क्रमांकाचा क्रास्नोये सोर्मोवो कारखाना होता. पुढे स्वेर्दलोव्स्कचा उरालमाश, चेल्याबिन्स्क आणि ओम्स्क हेही कामाला लागले.

प्रत्येकाकडे पोलाद पुरवणारा वेगळा आणि अडचणही वेगळी. गोर्कीत डिझेल इंजिनं पुरेनात, म्हणून सुरुवातीच्या काही रणगाड्यांत विमानाच्या जातीचं पेट्रोल इंजिन बसवलं गेलं. कुठे मोठे ओतीव भाग जमत, कुठे पाट्या कापून वेल्ड करणं सोपं पडे. आराखड्याची मूळ प्रत एकच होती, पण युद्धकाळात तिच्यावरून निघालेल्या ५० हजारांहून अधिक रणगाड्यांत असे असंख्य फरक पडत गेले.

मग 'मॉडेल १९४२' म्हणजे काय?

किटच्या डब्यावर हे असंच छापलेलं असतं आणि नवख्या माणसाची दिशाभूल इथूनच सुरू होते. गाडीच्या कंपनीने दर वर्षी नवं मॉडेल बाजारात आणावं, तसा प्रकार इथे नव्हता. वर्षांची आणि अक्षरांची लेबलं बरीचशी पश्चिमेकडच्या अभ्यासकांनी आणि सैन्यांनी सोयीसाठी लावली. लाल सेनेच्या लेखी तो साधा टी-३४ होता. १९४४ च्या सुरुवातीला मोठं टरेट आणि ८५ मिलिमीटरची तोफ आली, तेव्हा टी-३४-८५ हे नाव जोडलं गेलं.

शिवाय सुधारणा सगळ्या कारखान्यांत एकाच दिवशी होत नसत. १९४२ मध्ये निझनी तागिलला नवं षटकोनी टरेट सुरू झालं. गोर्कीत मात्र ते वर्ष सरत आलं तरी जुन्याच ठेवणीचं टरेट बसत होतं. म्हणजे एकाच महिन्यात बनलेले दोन रणगाडे लेबलांच्या हिशोबाने दोन वेगळ्या वर्षांचे ठरतात. म्हणून फोटोला 'कुठलं मॉडेल' असं विचारू नये. 'कुठल्या कारखान्यातला, साधारण केव्हाचा' असं विचारलं की तो बोलायला लागतो.

आधी डोकं, मग धड, पाय शेवटी

माझ्या मते या विद्येतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. रणगाड्यावरची प्रत्येक खूण सारख्या वजनाची नसते. काही गोष्टी कारखान्याबाहेर बदलणं जवळपास अशक्य: धडाच्या पाट्यांचे सांधे, टरेटची घडण. काही गोष्टी आघाडीवर एका दुपारीत बदलता येतात: चाक, पट्ट्याची कडी, इंधनाचा पिंप. सुरुंगावर गेलेल्या रणगाड्याला शेजारच्या मोडलेल्या रणगाड्याचं चाक लावून पुढे पाठवणं रोजचंच होतं.

फोटोत चाक सगळ्यात ठळक दिसतं, म्हणून आपण तिथून सुरुवात करतो आणि फसतो. अनोळखी माणसाचं गाव त्याच्या बोलीवरून ओळखावं, पायातल्या चपलेवरून नव्हे. चप्पल कालच दुसरीकडे घेतलेली असू शकते.

टरेटपासून सुरू करू. सगळ्यात जुनं टरेट बसकं, वर एकच मोठं झाकण असलेलं. रशियन अभ्यासक त्याला प्रेमाने 'पिरोझोक' म्हणतात, म्हणजे सारण भरलेला छोटा पाव. नंतरचं षटकोनी टरेट ते 'गाइका', म्हणजे बोल्टवरचा नट. त्याच्या माथ्यावर दोन गोल झाकणं असतात. दोन्ही उघडी असली की समोरून मिकी माऊसचे कान दिसतात, जर्मन सैनिकांनी तेच नाव ठेवलं होतं. १९४३ मध्ये या टरेटवर कमांडरसाठी फटी असलेली छोटी गोल घुमटी बसू लागली.

आता टरेट कसं घडवलंय ते पाहा. ओतीव टरेट साच्यातून काढलेलं असतं. पेणच्या गणेशमूर्ती साच्यातून निघतात तेव्हा दोन भाग जुळतात तिथे एक शिवण राहते; कारागीर ती घासून नाहीशी करतो. युद्धातल्या कारखान्याला घासत बसायला वेळ नव्हता. त्यामुळे ओतीव टरेटवर ती शिवण आणि खडबडीत कातडी बाजूने ऊन पडलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. वेल्ड केलेल्या टरेटला सपाट बाजू आणि धारदार कडा असतात. तिसरा प्रकार उरालमाशचा. तिथे १० हजार टनी प्रेस होता. त्यात जाड पोलादी पाटी दाबून, पत्र्याची परात दाबून काढावी तसं, टरेट एका घडीत काढलं जाई. त्याच्या वरच्या कडा धारदार नसून गोलसर, मऊ वळणाच्या असतात. असं टरेट दिसलं की दोनच पत्ते उरतात, उरालमाश किंवा चेल्याबिन्स्क. एका कडेच्या गोलाईवरून बाकी सगळे कारखाने बाद होतात!

मग तोफ. अगदी सुरुवातीच्या एल-११ तोफेची नळी सुमारे २.३ मीटर, आणि तोफेचा धक्का पचवणारी यंत्रणा नळीच्या वर असल्यामुळे तिथे उंचवटा दिसतो. १९४१ पासूनच्या एफ-३४ ची नळी सुमारे ३.२ मीटर, आणि ती यंत्रणा नळीखाली. स्टालिनग्राडने त्या खालच्या यंत्रणेवरचं चिलखत छिन्नीच्या टोकासारखं कोनदार कापलं. ती छिन्नी त्या कारखान्याची सहीच म्हणावी.

धडावर पुढची तिरकी पाटी बाजूच्या पाटीला कशी मिळते ते पाहा. बहुतेक ठिकाणी सरळ वेल्ड असतो. सुतार लाकडी पेटीच्या कोपऱ्यावर दात पाडून दोन फळ्या एकमेकींत अडकवतो, तसे दात जर १९४२ च्या फोटोत पोलादात दिसले, तर पहिला संशय स्टालिनग्राडचा घ्यावा.

चाकावरून काहीच कळत नाही का?

कळतं, आणि त्यातली गोष्ट मोठी आहे. १९४१ च्या अखेरीपासून रबराचा दुष्काळ पडला, कारण कृत्रिम रबराचे कारखानेही युद्धाच्या वाटेत आले होते. चाकावर रबराची धाव चढवायची तर रबर कुठून आणायचं? मग धाव पोलादाचीच ठेवली आणि थोडंसं रबर आत, तुंब्याजवळ दडवलं. स्टालिनग्राडच्या रणगाड्यांवर अशी चाकं सर्रास दिसतात. असा रणगाडा चालताना प्रचंड खडखडाट करी आणि हादरे आतल्या माणसांना सोसावे लागत. निझनी तागिलने १९४२ मध्ये मधला मार्ग काढला: जास्त मार बसणाऱ्या पहिल्या आणि शेवटच्या चाकाला रबर, मधली तीन पोलादी.

म्हणून चाकांचा संपूर्ण संच मोलाचा, एकटं चाक नाही. पाचपैकी चार पोलादी आणि एक रबरी दिसलं तर तो एक कुठून तरी आलेला आहे असं समजावं. मॉडेल करताना मात्र त्या एकट्या पाहुण्या चाकावर माझा फार जीव जडतो. कुठल्या तरी दुरुस्ती पथकातल्या माणसाने ते थंडीत गारठलेल्या बोटांनी बसवलं असेल. ते आपल्या मॉडेलवर यायलाच हवं.

फोटोच उलटा छापला असेल तर?

असं वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. निगेटिव्ह उलटी धरून छापली की डावं उजवं होतं. टी-३४ मध्ये ते तपासायची सोपी खूण आहे. चालक डाव्या बाजूला बसतो, त्याच्यासमोर मोठी झडप असते. उजवीकडे मशीनगन बसवलेला गोल उंचवटा. रणगाडा आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर झडप आपल्या उजव्या हाताला दिसायला हवी. डाव्या हाताला दिसली तर फोटो उलटा. टरेटवर घोषणा लिहिलेली असेल तर रशियन अक्षरंही साक्ष देतात.

फोटोखालची ओळ खरी धरायची का?

तिच्यावर विसंबू नये. १९४१-४२ मधले पुष्कळ फोटो जर्मन सैनिकांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेले, मागे पेन्सिलीने काहीतरी खरडलेले. नंतरच्या वर्षांत सोव्हिएत वृत्तछायाचित्रकारांचे जास्त, आणि त्यांतले काही मुद्दाम मांडणी करून घेतलेले. ओळी पुढे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेल्या.

रणगाडा स्वतःच तारीख सांगतो, आणि ती एकाच दिशेने पक्की असते. टी-३४-८५ चं उत्पादन १९४४ च्या सुरुवातीचं. तेव्हा जुलै १९४३ मधली कुर्स्कची लढाई म्हणून ८५ मिलिमीटरच्या तोफेचा रणगाडा दाखवला असेल तर ओळ चुकीची, त्यात वाद नाही. उलट दिशेने असं म्हणता येत नाही. १९४१ मध्ये बनलेला रणगाडा १९४४ च्या फोटोत असू शकतो. जगला असेल तर. खूण 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते.

मोजमाप कसं घ्यायचं?

चाक हीच फूटपट्टी. टी-३४ च्या मोठ्या चाकाचा व्यास ८३० मिलिमीटर. १/३५ प्रमाणात ते २३.७ मिलिमीटर होतं, १/७२ मध्ये साडेअकरा. फोटोत चाक किती भरतं ते मोजा, त्याच पट्टीने बाजूच्या इंधनपेटीची किंवा हाताने धरायच्या दांड्यांची लांबी काढा. एक पथ्य पाळायचं: मोजायची वस्तू चाकाएवढ्याच अंतरावर हवी आणि रणगाडा कॅमेऱ्याला शक्य तितका आडवा उभा हवा. टरेट चाकांपेक्षा आत असतं, ते या पट्टीने मोजलं तर लहान भरतं.

आणि रंग?

कृष्णधवल फोटो रंगाबद्दल फारसं बोलत नाही आणि जे बोलतो त्यातही फसवतो. त्या काळी लाल रंगाला आंधळी असणारी फिल्मही वापरात होती. तिच्यावर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळं आकाश पांढरंफटक. टरेटवरचा तारा काळपट दिसला म्हणून तो काळा होता असं नाही. सोव्हिएत रणगाड्यांचा मूळ रंग ४बीओ नावाचा संरक्षक हिरवा होता आणि हिवाळ्यात त्यावर चुन्यासारखा पांढरा हात फिरवत, इतकं धरून चालावं. बाकी छटांवर भांडण्यात अर्थ नाही, कारण धूळ, ऊन आणि डिझेलची काजळी यांनी आघाडीवर एकही रणगाडा कारखान्यातल्या रंगाचा ठेवला नव्हता.

संगणकाने रंगवलेल्या फोटोंना याच कारणाने पुरावा मानू नये. तिथला हिरवा रंग कोणाच्या तरी किंवा कशाच्या तरी अंदाजाचा असतो. धूसर फोटो 'स्पष्ट' करून देणाऱ्या साधनांचा धोका आणखी मोठा: जिथे तपशील नव्हता तिथे ती साधनं बोल्ट आणि शिवणी रचून देतात, आणि आपण नेमक्या त्याच शोधत असतो.

खरा रणगाडा संग्रहालयात उभा असताना फोटोचा खटाटोप कशाला?

ही शंका रास्त आहे. पण आज उभे असलेले पुष्कळ टी-३४ पुन्हा बांधलेले आहेत. युद्धानंतर १९५० च्या दशकात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातही टी-३४-८५ बनले. सोव्हिएत संघात जुन्या रणगाड्यांची मोठी दुरुस्ती झाली आणि त्यांना नव्या काळातली चाकं आणि दिवे बसले. टी-५४ या युद्धानंतरच्या सोव्हिएत रणगाड्यावर शोभणारी, चांदणीच्या पाकळ्यांसारखी चाकं एखाद्या स्मारकावरच्या टी-३४ ला दिसतात ती अशी. धड युद्धातलं, चाकं नंतरची. १९४४ चं मॉडेल त्यावरून केलं की वीस वर्षांची चूक होते.

तरी संग्रहालयात जावंच, ते दुसऱ्या कारणासाठी. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन आहेत. हे दोन्ही प्रकार युद्धात मदत म्हणून सोव्हिएत संघालाही गेले होते. मटिल्डाचं टरेट ओतीव आहे, व्हॅलेंटाइनच्या अंगभर रिव्हेटा आहेत. या दोन रणगाड्यांजवळ तासभर थांबलं, तिरप्या उन्हात ओतीव पोलाद कसं दिसतं आणि लाटलेली पाटी कशी दिसते हे डोळ्यांत साठवलं, की पुढे फोटोतला तोच फरक ओळखू येऊ लागतो. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा मला त्या तासाचा जास्त उपयोग झाला.

एवढा कीस काढून मिळतं काय?

शेल्फवर ठेवलेल्या मॉडेलकडे पाहणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना चाकातला फरक कळणार नाही, हे मला मान्य आहे. पण रबर नसलेलं चाक ही नक्षी नाही. कारखाना उचलून हजारभर मैलांवर न्यावा लागला, रबर संपलं, माणसं उभ्याने काम करत राहिली, त्याचा तो ठसा आहे. चुकीचं चाक लावलं की तो ठसा पुसला जातो. नेमका एक रणगाडा, जो कधीतरी एका खड्ड्याकाठी उभा होता आणि ज्यात चार माणसं बसली होती, तो डोळ्यांसमोर आणायचा तर त्याच्या खुणा त्याच्याच हव्यात.

समजा, असा एक फोटो हातात आलाय. खंदकात कललेला टी-३४, बाजूला दोन जर्मन सैनिक, उन्हाळा, मागे पेन्सिलीने १९४१ लिहिलेलं. जुन्या ठेवणीचं टरेट, तोफेखाली छिन्नी. पुढच्या कोपऱ्यावर पोलादाचे दात. चार चाकं पोलादी धावांची, चौथ्या जागी रबरी. दात आणि छिन्नी मिळून स्टालिनग्राड सांगतात, रबराचा तुटवडा १९४१ चा उन्हाळा बाद करतो. म्हणजे १९४२ चा उन्हाळा, डॉन ते व्होल्गाच्या पट्ट्यात कुठेतरी. चौथं चाक बदललेलं. चालकाची झडप योग्य बाजूला, म्हणजे फोटो सुलटा.

उजवी बाजू फोटोत दिसतच नाही. तिथे मी पाचही चाकं पोलादी लावतो, कारण डावीकडचं बहुमत तसं आहे. मग मॉडेलच्या पोटाखाली, जिथे रंग पोचत नाही तिथे, बारीक पेनने लिहून ठेवतो: डावी फोटोवरून, उजवी अंदाजाने.